आबांच्या पोटाशी टेकणारा मृदंग

मी एक जुना मृदंग आहे, मित्रांनो. धुळ्याच्या झुलालने खैराचे खोड पोखरून मला घडवले, दोन्ही तोंडांवर चामड्याच्या पुड्या चढवल्या. तेव्हापासून रावेरजवळच्या गावात लीलाधर आबांच्या गळ्यात मी असे. आबा माझ्या डाव्या पुडीला ओली कणीक लावत आणि कीर्तनकारांच्या मागे उभे राहून अशी थाप देत, की पेंगणारे म्हातारे सावरून बसत. बुवा म्हणत, "आबा, माझं निरूपण लोक घरी जाईस्तोवर विसरतात, तुमची थाप नाही." मी फुगून जाई.

मग आबांचे पाय सुजले. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितले, दोन्ही किडन्या निकामी झाल्या. डायलिसिसच्या दोन वाटा होत्या. एक, आठवड्यातून तीनदा जळगावला जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचे. त्यासाठी डाव्या हातातल्या नसा जोडून सुई टोचायला जाड नस तयार करणार, मग त्या हाताला मार चालणार नव्हता. दुसरी, पोटात नळी बसवून घरीच रोज औषधी पाणी भरायचे नि काढायचे. तिथे जंतू शिरले तर जिवावर बेतणार. आणि मला पोटाशी टेकवायचे नाही.

"हात देनार नाही मी," आबा घरी येऊन म्हणाले. "पोटातून करू. मृदंग पुढं ठेवून, बसून वाजवीन."

"वाजवन्यावरून जीव ठरवता का?" त्यांची पत्नी शेवंताबाई म्हणाली. "तिथं डॉक्टर तरी राहतीन. इथं मी एकटी."

"तू आहे म्हनूनच तं."

मी घाबरलो. माझ्यापायी हा माणूस अवघड वाट धरत होता.

नळी बसली. मोहिनी सिस्टर शेवंताबाईला सगळे शिकवून गेल्या: साबणाने हात, तोंडाला मास्क, दार बंद. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "याच्या कणकेला मुंग्या लागतात. हा बाहेर." मला ओसरीवर टांगले.

सप्ताहाच्या काल्याला शेवंताबाईने देवळातून अंगारा आणला. लेकरांच्या प्रत्येक तापाला तिने तोच लावला होता. खिडकीतून मला दिसले, तिने चिमूटभर नळीच्या तोंडाशी लावला. मला ओरडायचे होते. पण थाप पडल्याशिवाय मला बोलता येत नाही.

दोन दिवसांत पोटातले पाणी ताकासारखे गढूळ आले. आबा तापाने फणफणले. गाडी जळगावला गेली, घराला कुलूप लागले. केळीचा ट्रक रस्त्यावरून गेला, तरी मला वाटे, वाईट बातमी आली.

आबा परतले, वाळलेले, पण चालत. शेवंताबाई लांबच बसली.

"माह्याच हातानं झालं. आता यंत्रावरच जा."

"डॉक्टरनं परत इचारलं मले. नळी वाचली, म्हने. मी सांगलं, पोटातूनच."

"अजून मृदंगच?"

"मृदंग जाऊ दे. तुह्याइतकं भिऊन हात धुनारं कोन भेटन मले?"

ती हसली नाही. उठून कोपरापर्यंत हात घासत राहिली.

आजही दार बंद झाले की मी भितो. मग ती बाहेर येते, निघालेले पाणी उजेडाकडे धरते. ते निर्मळ दिसले की "विठ्ठल" म्हणते आणि अंगाऱ्याचे बोट माझ्या लाकडाला लावते.

मित्रांनो, माझी पुडी फाटली तर नवी चढवता येते. माणसाचे तितके सोपे नाही. म्हणून सांगतो, ज्याला जीव लावता, त्याला हात लावण्याआधी हात धुवा.