पाचवा छर्रा रेषेबाहेर

गावात मला कुणी बंदूक म्हणतं, कुणी छर्र्याची नळी. अंकिता तेवढी न चुकता एअर रायफल म्हणते. मला सगळंच चालतं. माझ्यात दारू नाही, काडतूस नाही, लाकूडही नाही. लोखंडी नळी, काळ्या प्लॅस्टिकचा दस्ता आणि पोटात एक जाड स्प्रिंग, एवढाच माझा संसार. नळी मधल्या बिजागरीवर वाकवली की स्प्रिंग दबते. चाप ओढला की ती सुटते, हवेला ढकलते आणि हवा शिशाच्या बारीक छर्र्याला. यात माझं कर्तृत्व काही नाही.

कारखान्यातल्या दिवसांची आठवण सांगण्यासारखी नाही. साच्यातून दस्ते निघत होते, त्यातला एक मला मिळाला. पुढे साताऱ्याच्या एका दुकानात काचेमागे उभी होते. माणसं यायची, मला खांद्याला लावायची, समोरच्या पंख्यावर नेम धरायची आणि ठेवून जायची. हातात बंदूक आली की माणूस आधी छाती फुगवतो, हे मी तिथं पाहिलं.

अंकिताने छाती फुगवली नाही. तिने नळी वाकवून पाहिली, स्प्रिंगचा आवाज ऐकला आणि मला घेतलं. ती बाहेरदेशी शिकून नुकतीच परतली होती. इस्लामपूरजवळच्या तिच्या गावात सोसायटीचं जुनं खताचं गोदाम रिकामं पडलं होतं. तिथं मुलामुलींना नेमबाजी शिकवायची, हे ती परतीच्या प्रवासातच ठरवून आली होती. बोलायला लागली की ती थांबत नसे.

सोसायटीचे चेअरमन भाऊसो मात्र थांबले होते. ते म्हणाले, "पोरी, उद्या कुणाच्या लेकराचा डोळा गेला तर लोक माझ्या दारात बसत्याल. गोदाम द्यायला ना न्हाई, पण आधी जाणत्या माणसानं ही बंदूक तपासू दे. तो न्हाई म्हणला, तर गोदामात परत खताची पोती."

जाणता माणूस घरचाच निघाला. अंकिताचे थोरले चुलते नाथाजी, निवृत्त सुभेदार, साताऱ्यात घर बांधून राहिलेले. ती त्यांना आबा म्हणते. "घरचा हाय म्हणून सोडणार न्हाई," त्यांनी आधीच सांगितलं, "आणि परीक्षा एकदाच." भाऊसोंना एवढं पुरेसं होतं.

मी आठवडाभर आबांकडे होते. दस्त्यावर टिचकी मारून ते म्हणाले, "जत्रंतलं खेळणं वाटतंय." त्यांच्या पत्नी मनुबाई आतून म्हणाल्या, "आवं, खेळणं म्हणताय आनि सकाळधरनं मांडीवरनं खाली ठेवलं न्हाई."

मग खंडेनवमी आली. फौजी घरात त्या दिवशी हत्यार पुजल्याशिवाय कुणी जेवत नाही. पाटावर विळा, कुऱ्हाड, कोयता आणि त्यांच्या शेजारी मी. हळदकुंकू, झेंडूचं फूल. इथवर ठीक होतं. पण आबांच्या हाताला उभ्या नोकरीची सवय होती: हत्यार कोरडं राहता कामा नये. त्यांनी मनुबाईंची खोबरेलाची बाटली घेतली आणि चिंधीने माझी नळी आतून न्हाऊ घातली. छर्रा बसतो त्या तोंडातही चार थेंब सोडले. इतकी माया माझ्यावर कुणी केली नव्हती.

माझ्या जातीला नळीत तेल चालत नाही. दाबलेली हवा तापते, तेल पेट घेतं आणि छर्रा मनाला येईल तिकडे जातो. आबांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांची हत्यारं वेगळी होती.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, आबा मला घेऊन गावी आले. गोदामात अर्धं गाव जमलेलं. मनुबाईंनी हातातली एक काचेची बांगडी काढून दिली. "वाढवू नका म्हंजे झालं," त्या म्हणाल्या. अंकिताने पुठ्ठ्यावर बांगडी ठेवून पेन्सिलीने गोल ओढला आणि बांगडी परत त्यांच्या हातात घातली. दहा मीटरवरून पाच छर्रे, पाचही गोलात. भिंतीला मातीची पोती रचली होती.

आबा टेबलामागे बसले. पहिला चाप ओढला आणि मी फटाक्यासारखी वाजले. नळीतून निळा धूर निघाला. छर्रा गोलापासून वीतभर लांब, पुठ्ठ्याच्या कडेला.

"सुभेदार, दिवाळी लांब हाय अजून," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

दुसरा छर्रा पुठ्ठ्यालाच लागला नाही. पाचांपैकी गोलात एकही नाही. भाऊसो उठले. "झालं तर मग. परीक्षा एकदाच, तुमीच म्हणला हुता."

अंकिता शेजारीच उभी होती. धूर पाहताक्षणी तिला कळलं होतं. तिच्या नाकपुड्या हलल्या होत्या. एरवी न थांबणारी ती पोरगी गप्प राहिली. सगळ्या गावासमोर चुलत्याला चूक दाखवायची, की गोदाम जाऊ द्यायचं? तिने गोदाम जाऊ दिलं.

आबांनी माझी नळी वाकवली आणि नाकाशी नेली. जळक्या खोबरेलाचा वास. गप्प बसून उठले असते तर दोष माझ्याच माथी राहिला असता आणि मी काही बोलणार नव्हते.

"भाऊसो, बसा," ते म्हणाले. "हिची चूक न्हाई. काल मी पूजेत नळीत तेल घातलं. ते जळतंय. अडाणीपणा माझा हाय."

मनुबाईंनी पदर सावरला आणि जमिनीकडे पाहिलं.

"मग आता वो?" भाऊसो म्हणाले.

"आता कोरडी करतो. चार छर्रे मातीत मारतो. मग परत परीक्षा. पोरगी मारंल. माझा हात आज खरा न्हाई."

कोरड्या चिंध्या काळ्या होऊन निघाल्या. मातीत छर्रे मारता मारता धूर संपला, आवाज बसका झाला. मग अंकिता बसली. मी सुटताना आधी मागे, मग पुढे धक्का घेते; आवळून धरलं की बिथरते. तिने डावा तळवा नुसता खाली ठेवला, मी त्यावर टेकले. एक गोलात. दुसरा त्याच्या शेजारी. तिसरा, चौथा तिथंच.

पाचव्याला तिची बोटं आवळली. गोदामाचं ओझं तिच्या बोटांत उतरलं होतं. छर्रा गेला.

आबा पुठ्ठ्याजवळ गेले, वाकले, चष्मा वर करून पाहिलं. "रेषेवर हाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा मऊ होता.

अंकिता मागोमाग गेली. छिद्राकडे पाहिलं. "नाही आबा. रेषेबाहेर आहे."

"अगं, शिवलाय की रेषेला."

"नाही शिवला. मी आवळून मारला."

आबांनी तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पुठ्ठ्याकडे. मग सरळ उभे राहिले. "व्हय. बाहेर हाय. रायफल नापास."

मला त्याचं काही वाटलं नाही. स्प्रिंगला ताण कळतो, निकाल कळत नाही. पण अंकिताच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला ती माझी चिंधी घडी घालत होती.

भाऊसोंनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "सुभेदार, तुमी गप बसला असता तर मला काय कळलं असतं? आनि ही पोरगी गप बसली असती तर?" ते दाराकडे निघाले. "नेमाचं मला काय करायचंय? बंदूक कुणाच्या हातात जातीया ते बघायचं हुतं. किल्ली संध्याकाळी घिऊन जा गं."

आता मी त्याच गोदामात खुंटीवर असते. स्पर्धेसाठी माझ्याहून महागड्या रायफली आल्या आहेत. मी नवशिक्यांच्या वाट्याला येते. दस्त्यावर ओरखडे पडलेत, स्प्रिंग थोडी थकली आहे. जोपर्यंत चालेन, तोपर्यंत एवढंच मागणं: मला ताणून तसंच ठेवू नका, पाखरावर रोखू नका, आणि धराल तेव्हा सैल धरा.

भाऊसो रविवारी येतात. मागच्या बाकावर बसतात, पुठ्ठ्याकडे बघतही नाहीत. छर्रा गेल्यावर पोरं आपापल्या तोंडाने काय सांगतात, तेवढं ऐकतात.