विंचवाशेजारचे पाच ठिपके

डिंक अजून ओलाच होता. निळ्या पत्राच्या कडेवरून फिरता फिरता अंगठा चिकटला आणि सुमनबाईला कळलं... नवरा, लिंबाजी, जिभेनं ओलं करून पत्र मिटतो, हा बाटलीतला डिंक त्याचा नव्हे. कुणी तरी उघडलं, पाहिलं, परत मिटलं.

पाहून तरी काय कळणार होतं म्हणा! आत अक्षर एक नव्हतं. तुळस, विंचू, विंचवाशेजारी पाच ठिपके — तिच्या डाव्या हातावर लहानपणी गोंदलेली चित्रं, नवऱ्यानं उसाच्या फडावर बसून पेन्सिलीनं काढलेली. गेल्या साली ती पोटुशी म्हणून घरी राहिली होती, आणि पोट पडल्याचा निरोप फडावर पोचल्यावर त्यानं कारकुनाकडून पत्र लिहवून घेतलं. पोस्टमन बन्सीधरनं रिवाजाप्रमाणे ते पारावर मोठ्यानं वाचलं. आईपासूनही लपवलेलं ते दुःख... दिवस मावळायच्या आत गावभर झालं होतं, बाया हळहळत घरात शिरल्या होत्या. या दिवाळीत, तो एकटाच तोडीला निघायच्या आधी, दोघांनी तिच्या हातावरच्या एकेका चित्राचा अर्थ ठरवून टाकला. तुळस म्हणजे बरा आहे. विंचू म्हणजे मुकादम डाफरतो आहे. आणि ठिपके...

"पाच माणसं? का पाच तारीख?" फौजदारानं विचारलं. विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं तसा दंगलीच्या धास्तीनं तो बंदोबस्ताला बाहेरून आला होता, टपाल कचेरीत खुर्ची टाकून पत्रं तपासत बसला होता, आणि बिनअक्षरांचं पत्र हाती लागल्यावर त्यानं तिला बोलावून घेतलं होतं. काय ते सांग, पत्र घेऊन जा. नाही तर नवऱ्याला फडावरून उचलून आणतो, म्हणाला. "लपवायचं काही नाही, तर सांगायला काय जातं?"

"सांगून टाक की वयनी," बन्सीधर खालच्या आवाजात म्हणाला. "कशाला लिंबाजीच्या जिवाला घोर लावायलीस?"

घोर तर तिलाच लागला होता. लिंबाजीला मारतील — हे तिला स्पष्ट दिसलं. सांगावं... दोनच शब्दांचा तर अर्थ. हसतील, सोडून देतील. आणि मग? मग ते दोन शब्दही पारावर जातील, आणि नवऱ्याशी बोलायला माझ्याजवळ काही उरणार नाही. गुन्हा नाही म्हणून सगळं गावापुढं मांडायचं, हा कुठला न्याय?

तिनं पदर ओढून डावा हात झाकला.

"सायब, बाई दार लावून न्हाती, म्हून ती चोर हाय का?"

फौजदारानं पत्र तिच्या हातातून काढून खणात टाकलं. उद्या बघू, म्हणाला.

बाहेर उन्हात आल्यावर भीती गेली नव्हती. पण ठिपक्यांचा अर्थ त्याला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. गोष्ट ऐकणाऱ्या तुम्हालाही सांगायची नाही मी. आणि उद्या यांनी मारून, धाकदपटशानं काढूनच घेतला... तर घेऊ देत. सुमनबाईनं उजव्या हाताची बाही वर सारली. तो हात अजून कोरा होता.