नखाएवढा हूक

तुम्ही खोटं बोलता, आणि बोलताना तुमचा आवाजही हलत नाही. पेटी पोचवायला आलेला तुमच्या कंपनीचा माणूस रेडीला सुभद्राकाकीच्या पडवीत बसून दोन ग्लास कोकम सरबत ढोसून गेला. काकी, दहा वर्षं बघायला नको, म्हणाला. चार पावसाळे जेमतेम गेले आणि दाराचा हूक मोडला. नखाएवढा, प्लास्टिकचा. तेव्हा तुम्ही काय सांगितलंत? मॉडेल बंद झालं. बंद कोणी केलं? आभाळातून आदेश आला? तुम्हीच केलंत. आणि सांगितलंत असं, जसं घरातलं माणूस गेलंय आणि आता बाईने फार रडू नये.

बाई रडली नाहीच. सुभद्राकाकी रडणाऱ्यांतली नव्हे.

करोनाने तिला जिवंत सोडलं, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला. वास म्हणून येत नाही. बांगडा ताजा की शिळा हे ती कल्ले उघडून आणि बोटाने दाबून ठरवते. मासळी विकणारीला तिला फसवता आलं नाही, पण तिचं स्वतःचं घर तिला फसवायला लागलं. चुलीवरचा भात करपून कोळसा व्हायचा आणि ही पडवीत सुपारी कातरत बसलेली. एके सकाळी वाऱ्याने गॅस विझला आणि शेगडी तशीच उघडी राहिली. दगडी गडग्यापलीकडच्या काशीबाईला तिच्या अंगणात वास गेला, म्हणून ती धावत आली आणि कॉक बंद केला. नाहीतर देवासमोर काडी ओढायला सुभद्रा उठलीच होती.

त्याच आठवड्यात मुलगा परशुराम विरारहून आला. सिलिंडर उचलून परत केला, चुलीतली लाकडं बाहेर काढली आणि ही पेटी आणली. मायक्रोवेव्ह हा शब्द त्या घरात कोणी वापरत नाही. पेटी. जाळ नाही, करपणं नाही, वेळ झाली की आपली आपण थांबते आणि घंटी मारते. वर दोन गोल खटके, फिरवले की झालं. नाक नसलेल्या बाईला अशीच पेटी हवी. पेज, बांगड्याचं तिखलं, काळ्या वाटाण्याची आमटी, सगळं ती काचेच्या भांड्यात करायला शिकली. परशुरामाने मात्र तेव्हाच अट घातली.

"आये, ही पेटी चलता तवसर तू हंय रव. पेटी बंद पडली की माझ्याबरोबर येवचा. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली.

ती कबूल म्हणाली की झालं. विरारला ती आधी एकदा राहून आली होती. तिथे तिला कोणी वाईट वागवलं नव्हतं. सुनेने हातात ताट दिलं, नातवंडांनी टीव्ही लावून दिला. पण सकाळी उठल्यावर आपण कशासाठी उठलो हे तिला कळेना. इथे काजूच्या बिया वेचायला उठायचं असतं, देवळाची पाळी असते, काशीबाईशी भांडायचं असतं.

आणि हूक मोडला. दार लागेना. दार लागल्याशिवाय पेटी सुरू होत नाही.

दुसरी असती तर मुलाला म्हणाली असती, चालतेय रे, आणि शेजारून भात आणून खाल्ला असता. काशीबाईने तेच सुचवलं. वर हेही म्हणाली, की नवी पेटी आणू, परशाला काय कळतंय. सुभद्राने तिच्याकडे असं बघितलं, की काशीबाई आपल्या अंगणातलं वाळवण आठवून निघून गेली. मुलाचा फोन आला तेव्हा हिने सरळ सांगितलं, पेटी बंद आहे, दुरुस्त करते. तो म्हणाला, रविवारी गाडी घेऊन येतो, कपडे भरून ठेव. ही म्हणाली, रविवारपर्यंत चालू झाली तर? तो हसला. झाली तर रहा, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रिक्षात पेटी मांडीवर घेऊन ती शिरोड्याला प्रीतमकडे गेली. प्रीतम पंखे, मिक्सर, टीव्ही, जे येईल ते उघडतो. त्याने तुकडा चिकटवला. घरी आणून दार तीनदा उघडलं आणि तुकडा पुन्हा हातात आला. प्रीतमने दुसऱ्या पेटीचा हूक घासून बसवून बघितला, तो आत पोचेना. मग तिनेच त्याला म्हटलं, दार लागलंय असं पेटीला वाटेल असं आतून काहीतरी कर. दार मी हाताने दाबून धरीन.

"काकी, ह्या माका जमाचा नाय. दार उघडा ऱ्हवला तरी आतले किरण चालू ऱ्हवतले. तुमका काय झाला तर तुमचो झील माका सोडूचो नाय."

"तो माकाच सोडीत नाय, तुका काय सोडतलो!"

पण ऐकलं तिने. पोराचं म्हणणं खरं होतं आणि खऱ्याशी ती भांडत नाही. प्रीतमने तिच्यासमोर तुमच्या नंबरावर फोन लावला. आधी बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी गोड आवाजात बोलली. हूक सुटा मिळत नाही, पूर्ण दार घ्यावं लागतं. बरं, दार द्या. या मॉडेलचं दार येत नाही, मॉडेल बंद झालं. आणखी काही मदत करू का?

मदत! बुडत्याला काठावरून विचारायचं, पाणी गार आहे का.

शनिवारी सकाळच्या एसटीने ती सावंतवाडीला निघाली. मोडका तुकडा रुमालात बांधून कमरेला खोचलेला. सोबत काशीबाई, कारण सुभद्राला ऑफिसात एकटीला पाठवलं तर ती कोणाला तरी मारेल असं काशीबाईचं प्रामाणिक मत होतं. तुमचं दुरुस्तीचं दुकान आणि विक्रीचं दुकान एकाच छताखाली आहे. पुढे नव्या पेट्या चकचकीत मांडलेल्या, मागे काउंटर, काउंटरमागे इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. सुभद्राने सुरुवात शाळेतल्या मराठीत केली. नमस्कार, आमच्या पेटीचा हूक मोडला आहे. त्याने तुकड्याकडे न बघताच तेच ऐकवलं, मॉडेल बंद झालं, नवीन घ्या, जुनीवर सूट देतो.

ती वळली. त्याला वाटलं गेली. ती गेली नव्या पेट्यांकडे. एकेकीचं दार उघडत, हुकावर बोट फिरवत, दार लावत. कोपऱ्यातल्या पेटीशी थांबली. नाव वेगळं, रंग वेगळा, गोल खटक्यांच्या जागी गुळगुळीत काच. दार उघडलं, रुमाल सोडला, मोडका तुकडा त्या हुकाला लावून धरला. वाकण तेच, जाडी तीच, टोकाची खाचसुद्धा तीच.

काउंटरवरचा माणूस उठून आला. ही वेगळी सिरीज आहे मावशी, म्हणाला. हूक वेगळा असतो. तिने त्याचाच हात धरला आणि दोन्हींवरून त्याचं बोट फिरवलं. त्याने तुकडा हातात घेतला, उजेडात धरला आणि नाकाशी नेला.

"याला खोबरेल लागलंय," तो म्हणाला. चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद. "तेलाने हे प्लास्टिक तडकतं. दाराला तेल कोणी लावलं? ही चूक वापरणाऱ्याची आहे, कंपनीची नाही."

काशीबाई लगेच मध्ये पडली. तेल कसलं, ते डोक्याचं असेल, एसटीतल्या गर्दीत लागलं असेल, आमच्याकडे हवेलाच खोबरेलाचा वास असतो. तोंडाला येईल ते बोलत सुटली.

"गो काशी, तू गप. तेल मीच लायलंय."

आणि तिने सांगितलं. पावसाआधी घरातल्या प्रत्येक कडीला, बिजागरीला, आडाळ्याच्या, म्हणजे विळीच्या, पात्याला खोबरेल लावायचं, नाहीतर खाऱ्या वाऱ्यात गंज चढतो. सासूने लावलं, तिने लावलं. पेटीलाही दार आहे, दाराला कडी आहे, म्हणून दरवर्षी बोटाने नेमाने लावलं. माया केली आणि मायेनेच मोडला. तुकड्याला अजून खोबरेलाचा वास येतोय, हे तिच्या नाकाला कळलंच नव्हतं.

माणूस म्हणाला, बघा, तुम्हीच कबूल केलंत. जसा खटलाच जिंकला.

तिने शाळेतलं मराठी तिथेच सोडून दिलं. तुझ्या वर कोण आहे त्याला फोन लाव, म्हणाली. तो म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये असतात. ती नव्या पेटीशेजारच्या स्टुलावर बसली. गिऱ्हाइकं आली, तिच्याकडे बघून पुढे गेली. एका नवरा-बायकोने हीच पेटी बघायला मागितली, तेव्हा तिने त्यांना मोडका तुकडा दाखवला आणि चार पावसाळ्यांची गोष्ट सांगितली. ती जोडी पंखे बघायला गेली. मग फोन लागला. स्पीकरवर. साहेबाचा आवाज मऊ, घाई नसलेला. मावशी, एवढ्याशा गोष्टीला कशाला त्रास करून घेता, नवीन घेऊन टाका, जास्तीची सूट मी सांगतो.

"दाराची कडी मोडली म्हणून तुमी घर पाडतास काय?"

साहेब हसला. तसं नसतं मावशी, कंपनीची पद्धत असते, म्हणाला.

काशीबाईने तिचा पदर ओढला. परतीची एसटी चुकेल म्हणाली. चुकू दे, सुभद्रा म्हणाली, आणि फोनच्या दिशेने वाकली.

"आयक. तेल मी लायलंय, चूक माझी, ती मी हंय चार माणसांत सांगितलंय. हुकाचे पैसे देवक मी तयार आसंय. उद्या माझो झील गाडी घेवन येतलो, आणि तुझ्या ह्या नखाएवढ्या हुकापायी माका माझ्या घराक कुलूप लावूचा लागतला. म्हणान तुका एकच विचारतंय. हो हूक माझ्या समोरच्या पेटीत आसा. माझ्या बोटाखाली आसा. तुमच्या कारखान्यात तो आजय बनता. मगे माका तो कित्याक गावणा नाय? मॉडेल बंद झाला, ह्या परत सांगा नको. कोणी ठरवल्यान, आणि कित्याक, तां सांग."

काउंटरवरच्या माणसाने फोन उचलून आपणच उत्तर द्यायला हात पुढे केला. सुभद्राने त्या हातावर आपला हात ठेवला.

"तू नको. तो बोलतलो. सांग रे, मी आयकतंय."