टाकीतलं पाणी वजा बाई

"तुझ्या गणितात मी रोज असेनच, असं धरून चालू नकोस हं," वरच्या मजल्यावरच्या बाई मला म्हणाल्या होत्या. मी ते हसण्यावारी नेलं. "तुम्ही कुठे जाताय, बाई!" असं म्हणून त्यांनी दिलेली त्यांच्या घराची जादा किल्ली चमच्यांच्या खणात टाकली आणि विसरून गेले.

गणित होतं आमच्या बाळाच्या आंघोळीचं. बाळाला घरात सगळे ढब्बू म्हणतात. बघितलंत तर तुम्हीही म्हणाल. टब भरत आला की पाणी एकाएकी कढत व्हायचं. मी आधी कोपर बुडवून बघते, म्हणून निभावलं. पण त्याला टबात ठेवल्यावर असं झालं तर?

"गिझर बिघडला असेल," नवरा म्हणाला. गिझर ठणठणीत निघाला.

"मग तूच बिघडली असशील."

एकदा टबाशी कान देऊन बसले, तेव्हा कळलं. पाणी कढत झालं की वर भांडी वाजतात. गिझरचा पाइप वेगळा आहे. गार पाण्याचा मात्र बाईंच्या घरातून खाली येतो. त्यांनी नळ सोडला की आमची गार धार बारीक होते.

भांडायच्या तयारीने वर गेले, तर बाई खूशच झाल्या. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. "अगं, ही तर फंक्शनची वजाबाकी!" म्हणत त्या तशाच खाली आल्या आणि न्हाणीघरातल्या वाफाळलेल्या आरशावर बोटाने लिहायला लागल्या.

"कुठल्याही वेळी टाकीतून किती पाणी येतंय, हे एक फंक्शन. त्या वेळी मी किती घेतेय, हे दुसरं. पहिल्यातून दुसरं वजा कर, ते तुझं गार पाणी. आता गाराला त्याच्या तापमानाने गुण, गरमाला त्याच्या. दोन्हींची बेरीज कर आणि एकूण पाण्याने भाग. झालं ढब्बूच्या टबाचं तापमान! चारही क्रिया आल्या बघ."

"आणि दोन्ही नळ बंद असले तर?"

"मग भागायला खाली शून्य. पाणीच नाही, तर ते किती गरम हे कसलं विचारतेस?"

ढब्बूने पुढे झुकून सगळं समीकरण तळव्याने पुसून टाकलं. "याला पटलेलं दिसत नाही," बाई म्हणाल्या.

माझी पदवी गणिताचीच. असली फंक्शन्स मी मार्कांसाठी ढिगाने सोडवली होती, पण त्यांत कुणाला आंघोळ घातली नव्हती. बाईंची सकाळ घड्याळासारखी. मी त्यांची भांडी घासायची वेळ हिशेबात धरली, गार नळ आधीच थोडा जास्त सोडायचा ठरवलं आणि नळाच्या मागे चिकटपट्टीने खूण केली. पाणी रोज कसं अगदी हवं तसं! तेव्हाच बाई म्हणाल्या होत्या, "दोन फंक्शन्सची वजाबाकी दोन्ही जिथे असतील तिथेच करता येते." आणि मग ते वाक्य, आणि ती किल्ली.

परवा सकाळी नळ खुणेवर ठेवला, टब भरला. मी कोपर बुडवायच्या आत कडेवरच्या ढब्बूने पाय बुडवला आणि सगळी बिल्डिंग गोळा होईल असं भोकाड पसरलं. पाणी गार!

"आज काय वाढलं की कमी झालं?" नवरा साबण हातात घेऊन उभा.

मी आरशाकडे बघितलं. गरम तेवढंच. टाकी तीच. मग गार जास्त आलं, ते एकाच कारणाने. आज वजा काहीच झालं नव्हतं.

"बाई!" मी ओरडले. ढब्बूला नवऱ्याच्या हातात कोंबलं, चमच्यांचा खण उपसला आणि किल्ली घेऊन वर धावले.

स्वयंपाकघर कोरडं. ओट्यावर फोन, शेजारी रक्तदाबाच्या गोळ्या. मी बाईंना हाक मारली. तेवढ्यात झोपायच्या खोलीचं दार आतून वाजलं.

"कोण आहे? कुलूप अडकलंय गं मेलं! पहाटेपासून ठोकतेय, पण या टोकाचं खाली कुणाला ऐकू जातंय! घशाला कोरड पडली."

"मी आहे, बाई! गोळी?"

"तिकडेच राहिली ना. ढब्बूची आंघोळ झाली?"

"गार पाण्यात पाय घातला त्याने, तुमच्या कृपेने."

आतून घसा बसलेलं हसू. "म्हणजे मी नसल्याचं त्याने ओळखलं! पास झाला."

ढब्बूला घेऊन मागोमाग वर आलेल्या नवऱ्याने स्क्रूड्रायव्हरने कुलूप काढेपर्यंत बाई आतून त्याला सूचना देत होत्या. दार उघडल्यावर आधी तांब्याभर पाणी प्यायल्या, मग गोळी घेतली, मग ढब्बूचा पाय हातात घेऊन म्हणाल्या, "ये रे, माझ्या थर्मामीटरा."

किल्ली आता दाराशी खिळ्यावर असते. नळाची खूण तशीच आहे, पण वर भांडी वाजल्याशिवाय मी नळाला हात लावत नाही.

तुमच्याही वर, खाली, भिंतीपलीकडे कुणी एकटं राहत असेल. त्यांचा नळ, रेडिओ, खुर्ची सरकवल्याचा आवाज आज ऐकलात का? नसेल आठवत, तर हे बाजूला ठेवा आणि आधी त्यांचं दार वाजवून या.