दुहेरी कापडाची छत्री

अनंतरावांना नांदेडला आणलं ते रेणुकादासनंच. अनंतराव कोल्हापूरच्या स्टुडिओतले जुने कॅमेरामन आणि रेणुकादास त्यांचा मदतनीस. तो मूळचा लातूरचा, त्यामुळं निजामाच्या मुलखातलं हे काम ओळखीपाळखीतून त्यानंच मिळवलं होतं. नांदेडजवळच्या एका जहागीरदाराच्या मुलीचं लग्न होतं आणि त्याचा सिनेमा काढायचा होता.

लग्न थाटात झालं. पण मांडव उतरेपर्यंत मुलखाची हवा पालटली. सरहद्दीवर नाकी बसली, हिंदुस्थानातून येणारा माल बंद झाला, आणि रझाकारांच्या टोळ्या भरदिवसा भाले घेऊन रस्त्यानं कवायत करू लागल्या. बाहेर पडायला परवाना लागायचा. दोघांचे परवाने जहागीरदाराचे कारभारी शेषेराव यांनी ठेवून घेतले होते.

"सरकारांचं अजून एक काम हाय," शेषेराव म्हणाले. "ते उरकलं की परवाने घ्या आन् खुशाल जा."

काम असं होतं : रझाकारांची मोठी कवायत होणार, गावोगावची रयत टाळ्या वाजवून त्यांचं स्वागत करणार, आणि त्याचा सिनेमा जहागीरदार हैदराबादेत बड्या लोकांना दाखवणार. रयत राजीखुशी आहे, हे दिसलं पाहिजे.

दोघांना जहागीरदाराच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, पागेमागं दोन खोल्या दिल्या होत्या. बाजारापर्यंत जायची मुभा होती, पण पाय स्टेशनाकडं वळले की मागून येणारा शिपाई खाकरायचा. रेणुकादासची बायको चंद्रप्रभा लातूरला होती, दिवस भरत आले होते. घोड्यांच्या लिदीचा वास, बंद खिडकी आणि कोपऱ्यात कांबळीत गुंडाळलेला कॅमेरा, एवढंच त्याचं जग झालं होतं.

छत्रीची गोष्ट निघाली ती खरोखरच्या गरजेतून. अनंतराव शेषेरावांना म्हणाले, "आषाढाची हवा आहे. आत्ता ऊन, तर मग सर. आमची छत्री लग्नाच्या गर्दीत फाटली. छत्रीशिवाय मी कॅमेरा मैदानात नेणार नाही."

देवडीतून एक मोठी काळी छत्री आली. अनंतरावांनी ती अंगणात उन्हात उघडून धरली आणि रेणुकादासला खाली हात धरायला लावला. कापडातून धग उतरत होती. "याखाली फिल्मचे डबे ठेवायचे म्हणजे भट्टीत ठेवायचे," ते म्हणाले. मग पांढरी आली. तिच्यातून उजेड असा सांडायचा की कॅमेऱ्याला डोळा लावणाऱ्याला काही दिसू नये. शिवाय पांढरी छत्री बघून शेषेरावांच्याच कपाळाला आठ्या पडल्या. "ही खादीवाल्यांची दिसती. सरकारांपुढं नगं." शेवटी आली ती जरीची, मिरवणुकीतली. ती इतकी चमकायची की अनंतरावांनी हात जोडले.

तेव्हा शेषेरावांनी त्यांना इतवारा पेठेतल्या सरदार नावाच्या मुसलमान कारागिराकडं धाडलं.

सरदार छत्र्या करायचा आणि दुरुस्तही करायचा. दुकानामागंच घर, घरात तो आणि त्याची बायको रहमतबी. अनंतरावांनी त्याला समजावून सांगितलं : दोन कापडं हवीत, वर पांढरं, खाली काळं, म्हणजे वरचं ऊन फेकेल आणि खालचं उजेड गिळेल. घेर एवढा की कॅमेरा, माणूस आणि डबे झाकले जावेत. वाऱ्यात कापड फडफडायला नको, पाणी पुढून गळायला नको.

"करतो की," सरदार म्हणाला. "दांडी आन् काड्या, दोन्ही बांबूच्या घालतो. लोखंडी काड्या कुठून आणू? सारं बंद हाय."

छत्री झाली, आणि चांगली झाली. ती हातात घेऊन फिरवून बघताना रेणुकादासच्या मनात आलं, ही पसंत केली की कवायत. पसंत केली नाही तर कवायत पुढं. बाजारात लोक दबक्या आवाजात म्हणत होते की हिंदुस्थानची फौज सरहद्दीवर गोळा होऊन राहिली आहे. दसऱ्यापर्यंत कसंबसं रेटलं तर हे काम करावंच लागणार नाही.

"दांडी आखूड झाली," तो म्हणाला.

सरदारनं लांब दांडी घातली. मग रेणुकादासला कापड ढिलं वाटलं. ताणून शिवल्यावर शिवणीतून पाणी येईल असं वाटलं. शिवणीला मेण लावल्यावर मेण उन्हात वितळेल म्हणून ते काढायला लावलं. शेषेराव विचारायला आले की तो तोंड भरून सांगायचा, सरकारांच्या सिनेमात खोट राहायला नको. शेषेराव मान हलवून जायचे. त्यांना सिनेमातलं काही कळत नव्हतं.

अनंतरावांना कळत होतं. भिंग पुसता पुसता ते एकदा म्हणाले, "कालची छत्री चांगली होती."

"व्हय."

"मग?"

"अजून चार खोटी निघतील तिच्यात."

अनंतराव भिंग पुसत राहिले. त्या दिवसांत पहिल्यांदाच रेणुकादासला पोटभर जेवण गेलं.

मग एका दुपारी रहमतबी पागेपाशी आली. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, चपला चिखलानं भरलेल्या.

"भाईसाब, छत्रीत काय खोट हाय ते मला सांगा. मी शिवते. ह्यांना सकाळी देवडीत नेलंय."

"कशाला?"

"कारभारी म्हनले, हा कारीगर मुद्दाम लांबवून राहिला. सरकारांचं काम नासवून राहिला." तिचा आवाज फाटला. "त्यांनी तुमचं काय वाईट केलं, भाईसाब?"

रेणुकादास तसाच धावत निघाला. देवडीच्या चौकात सरदार उभा होता. दोन्ही हातांनी ती छत्री उघडून डोक्यावर उंच धरलेली, पण त्याला उभं असं केलं होतं की छत्रीची सावली शेजारच्या रिकाम्या तिवईवर पडावी आणि तो स्वतः उन्हात राहावा. हात खाली आले की शिपाई दांडक्यानं कोपराला डिवचायचा. ओसरीवर शेषेराव पान जमवत बसले होते.

"तुमची पसंती होईपर्यंत धरील तो," ते म्हणाले. "बघा, आज तरी बसती का मनात."

रेणुकादासनं सरदारकडं बघितलं. सरदारनं त्याच्याकडं बघितलं नाही.

"पसंत हाय," रेणुकादास म्हणाला. "लई चांगली झाली."

कवायत त्याच आठवड्यात झाली. देगलूरकडच्या खेड्यांतून बैलगाड्या भरून माणसं आणली होती, मराठी, तेलुगू, कानडी बोलणारी, सगळी सारखीच गप्प. इशारा झाला की ती टाळ्या वाजवायची, इशारा झाला की थांबायची. एक म्हातारी इशाऱ्यानंतरही वाजवतच राहिली, तिला कुणी थांबायचं सांगितलं नव्हतं. अनंतरावांनी कॅमेऱ्याला डोळा लावला. मधेच जोराची सर आली. रेणुकादास छत्री धरून उभा होता, पाठ भिजत होती, आणि कॅमेऱ्यावर एक थेंब पडला नाही. छत्री इतकी चांगली झाली होती की त्याला तिचा राग आला.

शेषेराव शब्दाला जागले. परवाने दिले. पण म्हणाले, "कॅमेरा हितंच राहील. सरकारांना अजून लागंल."

 अनंतरावांनी आपला परवाना घडी करून खिशात घातला. "तू जा, रेणुकादास. तुझी बायको वाट बघत असेल. माझा सगळा जन्म याच्यामागं गेला, याला इथं टाकून मी कोल्हापुरात काय तोंड दाखवू?"

"अनंतराव, दार उघडलंय तर चला."

"तुझ्यासाठी उघडलंय."

रेणुकादास गेला. लातूरला पोचला, मुलगी झाली, बारसं झालं. पाळण्याशेजारी बसला तरी त्याच्या नाकातून पागेचा वास जाईना. चंद्रप्रभा म्हणायची, आता तर आलात ना घरी. तो हो म्हणायचा.

भाद्रपदात फौजा आल्या. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. जहागीरदार हैदराबादेला पळाला, शेषेरावांचा पत्ता नव्हता. लोक गुलाल उधळत होते. आणि मग वारं फिरलं. ज्यांनी सोसलं होतं ते आणि ज्यांनी काहीच सोसलं नव्हतं तेही काठ्या घेऊन मुसलमानांच्या गल्ल्यांत शिरले. रझाकार तोवर पळून गेले होते. सापडले ते घरात बसलेले.

वाट मोकळी होताच रेणुकादास नांदेडला गेला. देवडीची दारंसुद्धा लोकांनी उचलून नेली होती. पागेमागच्या खोल्यांत पालापाचोळा आणि फिल्मचा एक चेपलेला डबा. कॅमेरा नव्हता, अनंतरावही नव्हते.

इतवाऱ्यात अर्धी दुकानं जळालेली. सरदारचं दुकान उभं होतं, आणि त्याच्या पायरीवर अनंतराव बसले होते. दाढी वाढलेली, सदऱ्याच्या गळ्यातून जानवं मुद्दाम बाहेर काढलेलं.

"तुम्ही हितं?"

"हे आत आहेत," अनंतराव मागच्या बंद दाराकडं मान करून म्हणाले. "दोघंही. गल्ल्या पेटल्याचं कळलं तसा मी देवडीतून इकडं धावत आलो. जमाव आला तेव्हा मी सांगितलं, घर माझं आहे, माझी माणसं आहेत आत. पहिल्यांदा गेले. परत आले, परत गेले."

"आणि कॅमेरा?"

अनंतरावांनी तोंडावरून हात फिरवला. "देवडी लुटायला लोक याच गल्लीतून गेले. मला कळलं कुठं चाललेत ते. मी उठलोसुद्धा. तेवढ्यात आतून रहमतबीनं दारामागं पत्र्याची पेटी ओढून लावल्याचा आवाज आला. एवढ्याशा पेटीनं काय दार थांबतंय? म्हणून परत बसलो."

दार वीतभर उघडलं. रहमतबीनं रेणुकादासला ओळखलं. ती आत गेली आणि फटीतून चहाच्या दोन कपबशा बाहेर सरकवल्या. तिच्या मागं अंधारात सरदार भिंतीला टेकून बसलेला दिसला.

"सरदारभाई," रेणुकादास म्हणाला, "त्या दिवशी देवडीत..."

"चहा घ्या," आतून सरदार म्हणाला. "थंडा होतोय."

"लातूरला चला, दोघंबी. माझ्या घरी."

"तिकडं काय निराळं चालू हाय?" सरदार म्हणाला.

 लातूरहून निघताना रेणुकादासनंही जळालेली घरं बघितली होती.

गल्लीच्या तोंडाशी पाच-सहा माणसं उभी राहून इकडं बघत होती. अनंतराव पायरीवर थोडे बाजूला सरकले. रेणुकादासनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, आणि दाराला पाठ लावून त्यांच्या शेजारी बसला.