मंगळवारचं पोवळं

मयुराने कपडे भिजवायच्या टबात तोंड बुडवलं आणि श्वासाची नळी पाण्यावर ठेवून ती खुशाल श्वास घेत राहिली. भाजी चिरायची टाकून देवकी धावतच मोरीपाशी आली आणि लेकीला वेणी धरून वर ओढलं.

"काय करून राहिली वं? जीव द्यायचा हाय का?"

"सराव करून राहिली, आई. उद्या गाडी आहे."

रामेश्वरजवळच्या समुद्रात प्रवाळांचा अभ्यास करायला निवडलेल्या विद्यार्थ्यांत नागपूरची ती एकटीच होती. ही बातमी तिने दूधवाल्यापासून बाबांच्या कळमना बाजारातल्या अडत्यापर्यंत सगळ्यांना ऐकवली होती. समुद्र तिने अजून पाहिला नव्हता. पण पोहणं येत होतं, प्रवाळांच्या जाती तोंडपाठ होत्या आणि आपल्याला पाहून समुद्र खूशच होईल याबद्दल तिला शंका नव्हती.

शंका देवकीला होती. लेकीच्या पत्रिकेत पाण्याचं भय सांगितलेलं होतं. तिने लग्नापासून घालत आलेली पोवळ्याची अंगठी बोटातून काढली आणि पुढे धरली.

"हे घालून पाण्यात उतरशील तं जा. नाही तं बाबाले तिकीट रद्द करायले सांगते."

देवकी बोलली म्हणजे करणारच. अंगठी घालून गाडीत बसायचं आणि पुढच्या स्टेशनावर बॅगेत टाकायची, इतकं ते सोपं होतं. मयुराने ती बोटात घातलीसुद्धा. पण आईला फसवून समुद्र बघायचं तिच्या जिवावर आलं. तिने अंगठी काढून परत दिली.

"पाण्यात दागिना घालू देत नाहीत, आई. अन् हा खडा नाही, प्रवाळच आहे. बारके बारके जीव एकत्र राहतात, त्यांनी बांधलेलं घर आहे हे. तोडून आणतात. तिथं किती जिवंत अन् किती मेले, तेच पाहायले तं मी जाऊन राहिली."

"खाणीतून नाही निघत?"

"नाही."

"मंग इतके वर्ष काहून नाही सांगितलं?"

"मलेच कुठं माहीत होतं?"

मंगळवारी देवकी घरात अंडंसुद्धा येऊ देत नसे. आणि दर मंगळवारी हीच अंगठी दुधाने धुऊन देवापुढे ठेवत असे. ती अंगठी घेऊन आत निघून गेली.

संपलं सगळं, मयुराला वाटलं. तिला रडू आलं. तिने पाण्यातला चष्मा पुसला आणि फळीवर, जुन्या डब्यांमागे ठेवून दिला.

देवकी परत आली तेव्हा अंगठी तिच्या बोटात होती, पण मधलं कोंदण रिकामं होतं. लाल पोवळं तिने रुमालाच्या गाठीत बांधलं होतं.

"याले त्याच्या घरी सोडून ये."

"हे तिकडचं नाही, आई. फार दूरच्या समुद्रातलं असते."

"समुद्र तं एकच हाय ना?"

देवकीने गाठ मयुराच्या बॅगेत कपड्यांच्या खाली सरकवली. मग तिला फळीवर डब्यांमागून चष्म्याचा पट्टा लोंबताना दिसला.

"अन् तो चष्मा तिथं काहून ठेवला वं? लागन ना तुले."