शंभरपर्यंत

प्रेमराज नारखेडे ऊर्फ नाना यांची सगळी नोकरी वरणगावच्या फॅक्टरीत, तपासणी खात्यात गेली. मशीनवरून उतरलेला नग हातात घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा, कागदावरच्या मापाशी ताडून पाहायचा आणि केसभर फरक निघाला तरी पेटीवर लाल चिठ्ठी चिकटवायची, हेच काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. निवृत्त होऊन ते असोद्याला घरी आले तेव्हा मायक्रोमीटर फॅक्टरीत राहिला, नजर मात्र बरोबर आली. दूधवाला त्यांच्या दारात माप टाकताना सावरून उभा राहायचा. त्यांची बायको कुंदाबाई म्हणायच्या, "यांच्या तपासणीत लग्नाच्या वेळी मी पास कशी झाले, देवालाच ठाऊक."

अशा माणसाच्या गावात, बसथांब्यासमोर, एके दिवशी फलक लागला. 'पवनगती फायबर. १०० एमबीपीएस. वाऱ्याच्याही पुढे!' फलकावर एक पोरगी केस उडवत लॅपटॉपकडे बघून हसत होती. महिन्याभरात गल्लीतल्या बेचाळीस घरांनी जोडणी घेतली. नानांनीही घेतली, कारण लेक कामिनी धुळ्याला दिलेली होती आणि तिला रोज संध्याकाळी पडद्यावर पाहिल्याशिवाय कुंदाबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

पहिल्याच संध्याकाळी कामिनी नवं स्वयंपाकघर दाखवत होती. "आई, हे बघ, इकडे मी—" एवढं बोलली आणि तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, अशी थिजून राहिली.

"माय वं! पोरीले काय झालं?" कुंदाबाई उठूनच उभ्या राहिल्या.

"तिला काही झालं नाही. इंटरनेटला झालंय," नाना म्हणाले. त्यांनी फोनवर वेग मोजायचं ॲप उतरवून घेतलं. ते उतरायलाच चहा पिऊन झाला. आकडा आला सहा.

दुसऱ्या दिवशी ललित आला. तारा ओढण्यापासून हप्ते गोळा करण्यापर्यंत कंपनीचं गावातलं सगळं काम तोच बघायचा. त्याने राउटरकडे डॉक्टरच्या नजरेने पाहिलं आणि म्हणाला, "नाना, तुमच्या भिंती जाड आहेत."

नानांनी फोन राउटरला टेकवून मोजलं. सात.

"फोन जुना असंल."

नानांनी धुळ्याहून जावयाचा लॅपटॉप मागवला, ललितला पुन्हा बोलावलं आणि तार थेट राउटरला जोडली. सहा.

"मग फ्रिजमुळे. फ्रिज सिग्नल खातो."

नानांनी फ्रिज बंद केला. सहाच. फक्त फ्रिजमधलं दूध तेवढं नासलं आणि त्याबद्दल कुंदाबाईंनी दोघांनाही ऐकवलं.

ललितकडची कारणं संपली. तो उठला आणि दारातून म्हणाला, "नाना, ॲपवर तक्रार टाका ना. तिकडून लगेच होतं." तक्रारीचं पान संध्याकाळी उघडेना. मध्ये एक गोल फिरत राहायचा आणि खाली लिहिलेलं असायचं, 'आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे.'

मग नानांनी ठरवलं, रीतसर तपासणी करायची. पहाटे सहा, दुपारी बारा, रात्रीच्या जेवणाआधी आठ. पंधरा दिवस, रोज तीन वेळा, एकाच जागी, एकाच तारेने. पहाटे, गाव झोपेत असताना, चाळीसपर्यंत आकडा जायचा. संध्याकाळी सहा-सातवर यायचा, रविवारी दोनवर. त्यांनी मोबाइलही सोडला नाही. सिमकार्डवाल्यांच्या जाहिरातीत हजाराच्या गोष्टी होत्या. गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं तर ऐंशी मिळत, जिना उतरलं की वीस आणि स्वयंपाकघरात तीन. "म्हणजे पोळ्या टाकीवर बसून लाटायच्या का मी?" कुंदाबाईंनी विचारलं.

शेजारच्या जब्बारला हे कळलं. जब्बार केळीचा व्यापारी. बागेतल्या घडांचे व्हिडिओ दिल्लीच्या आडत्यांना पाठवायचे आणि तिकडून होकार आला की गाडी भरायची, असा त्याचा धंदा. तो म्हणाला, "नाना, माझा घडाचा व्हिडिओ जाईस्तोवर इकडे घड पिकू राह्यला. माझ्याकडचंही मोजा." मग पलीकडच्या सुनंदाबाईंनी बोलावलं, मग कोपऱ्यावरच्या रुपचंद शिंप्याने. बावीस घरं मोजून झाली. कुठे सहा, कुठे पाच. लांबच्या टोकाला चार. नानांनी सगळा तक्ता सुवाच्य अक्षरात लिहिला, खाली सही केली आणि कंपनीच्या धुळ्याच्या विभागीय कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवला.

टपालाचा परिणाम आठ दिवसांत झाला. ललित दोन माणसं घेऊन आला, खांबावर चढला, तासभर खुडबुड केली आणि खाली उतरून म्हणाला, "आता मोजा नाना."

सत्त्याण्णव. नानांनी चष्मा पुसून पुन्हा मोजलं. सत्त्याण्णवच. संध्याकाळी कामिनी पडद्यावर आली ती इतकी लख्ख की कुंदाबाईंनी तिच्या कपाळावरचा नवी पुटकुळीसुद्धा हेरली.

ही बातमी गल्लीत पसरायला अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नानांच्या ओट्यावर सात माणसं होती, तिसऱ्या दिवशी पंधरा. जब्बारने दुकानातल्या चार खुर्च्या आणून टाकल्या. सुनंदाबाई अमेरिकेतल्या मुलाशी मोठमोठ्याने बोलायच्या, रुपचंद ब्लाउजच्या नव्या फॅशनी बघायचा. कुंदाबाईंना चहाचं आधण दोनदा ठेवावं लागे.

नानांना मात्र चैन पडेना. चौथ्या दिवशी ते लॅपटॉप घेऊन जब्बारच्या घरी गेले आणि मोजलं. पाच. रुपचंदकडे चार. त्यांनी ललितला बसथांब्यावर गाठलं.

"खरं सांग, काय केलंस?"

ललित इकडेतिकडे बघून म्हणाला, "नाना, बेचाळीस घरं एकाच तारेवर आहेत. तुमच्यासाठी वेगळी ओढली. वरून फोन होता, तक्तेवाल्या काकांचं काम आधी करा म्हणून."

"म्हणजे मला पास करून बाकीचा लॉट तसाच ठेवला?"

"लॉट काय नाना? तुम्हाला मिळालं ना!"

एका पेटीतला एक नग नीट लागला म्हणून पेटी पास करायची नसते, हे नानांनी एकतीस वर्षांत कितीतरी नव्या पोरांना शिकवलं होतं. त्यांनी धुळ्याला जायचं ठरवलं. हे ऐकून खरं तर ओट्यावरच्या माणसांना आनंद व्हायला हवा होता. पण सुनंदाबाईच म्हणाल्या, "कशाला जाता नाना? ते चिडले आणि तुमचंही तोडलं तर आम्ही बसायचं कुठे?" जब्बार म्हणाला, "सोळा गाड्या गेल्या माझ्या तुमच्या ओट्यावरून. चाललंय ते चालू द्या ना नाना."

नाना सकाळच्या एसटीने निघाले. सिमकार्डवाल्यांचा 'महामार्गावर अखंड साथ' असा फलक जळगाव सोडतानाच दिसला म्हणून त्यांनी वाटेत फोनवर मोजत नेलं. पाळधीला तीस, एरंडोलला बावीस, पारोळ्याच्या अलीकडे शून्य. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "काय हो, शुगर तपासताय का?" तेव्हा त्यांनी फोन खिशात ठेवला.

पवनगतीचं कार्यालय धुळ्याच्या देवपुरात, दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यापासून वरपर्यंत ती केस उडवणारी पोरगी होती. विभागीय अधिकारी हितेंद्र बोरसे, वय पस्तिशीचं, वागायला फार गोड. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"तक्ता पाहिला सर तुमचा. अक्षर काय सुंदर आहे!"

"अक्षराचं राहू द्या. फलकावर शंभर आहे, घरात सहा आहे. हे कसं?"

हितेंद्रने टेबलावरचं पत्रक सरकवलं. "सर, शंभरच्या डोक्यावर चांदणी आहे बघा. तीच चांदणी खाली आहे."

नानांनी चष्मा वर केला, पत्रक नाकाजवळ नेलं. खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, 'पर्यंत'.

"शंभरपर्यंत," हितेंद्र म्हणाला. "म्हणजे शून्यापासून शंभरापर्यंत कुठेही. सहा त्याच्यात बसतात. तसं पाहिलं तर आम्ही शब्द पाळलाय."

"म्हणजे शून्य दिलं तरी पाळलाच म्हणायचा?"

"शून्य आम्ही सहसा देत नाही सर," हितेंद्र अभिमानाने म्हणाला. "थांबा, तुमची तक्रारच उघडतो." त्याने संगणकावर बोटं चालवली. पडद्यावर गोल फिरू लागला. तो फिरतच राहिला. हितेंद्र हसला, घसा साफ केला आणि टेबलाखाली हात नेऊन स्वतःच्या मोबाइलचं हॉटस्पॉट सुरू केलं. तक्रार चटकन उघडली.

पाण्याचा ग्लास ठेवायला आलेला शिपाई हिलाल नानांच्या कानाशी वाकून अहिराणीत इथलंही दुखणं सांगू लागला, "नाना, आठे बी बठ्ठं तसंच शे. साहेब सोताना फोनवर काम करतस."

"हिलाल, चहा सांग!" हितेंद्र ओरडला.

नानांनी परवानगी मागून तिथल्या तिथे मोजलं. कंपनीच्या विभागीय कार्यालयात कंपनीचा वेग निघाला नऊ.

हितेंद्रचा चेहरा उतरला. तो खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "सर, काय हवंय ते मोकळेपणाने सांगा. सहा महिने फुकट करून देऊ? नुकसानभरपाईचं वरती विचारावं लागेल..."

"मला फुकट काही नको. जेवढं देता तेवढं फलकावर लिहा."

हितेंद्रने विचारलं, "फक्त लिहायचं? तार बदलायची नाही, काही नाही?"

"बदलली तर उत्तमच. नाही बदलत तर निदान खरं लिहा."

हितेंद्र उठला आणि त्याने नानांचे दोन्ही हात हातात घेतले. इतक्या स्वस्तात सुटलेला माणूस नानांनी आजवर पाहिला नव्हता.

त्या दिवशी ते कामिनीकडे राहिले. तिने वरण-बट्टी केली होती. "पप्पा, तुम्ही जिंकलात की!" ती म्हणाली. नानांनाही तसंच वाटत होतं. बट्टी त्यांनी एक जास्त खाल्ली.

तीन आठवड्यांनी असोद्याच्या बसथांब्यावर नवा फलक चढला. पोरगी तीच, केस तसेच. वर लिहिलं होतं, 'ग्राहकांच्या आग्रहास्तव! प्रामाणिक वेग, ३० एमबीपीएस'. चांदणी होतीच. हप्ता तोच. त्याच आठवड्यात नानांची वेगळी तारही काढून पुन्हा जुन्या तारेत घातली गेली, आणि त्यांच्याकडेही बाकीच्यांसारखे सहा येऊ लागले.

संध्याकाळी ओट्यावर माणसं आली, पण खुर्च्यांवर कोणी बसलं नाही.

"नाना, हे काय केलं?" रुपचंद म्हणाला. "आमचे शंभरचे तीस झाले!"

"अरे, शंभर होते कुठे? सहा होते. आताही सहाच आहेत."

"पण लिहिलेले शंभर होते ना!" सुनंदाबाईंचा आवाज चढला. "मी माझ्या विहिणीला शंभर सांगितलंय. त्यांच्या भुसावळात पन्नास आहेत. आता काय तोंड दाखवू?"

"सत्तर गेले गावाचे," मागून कोणीतरी म्हणालं. अशा आवाजात, की जणू पाटाचं पाणीच कोणी दुसऱ्या गावाकडे वळवलं होतं.

नानांनी तक्ता काढला, आकडे वाचून दाखवायला घेतले. तिसऱ्या घरापाशी पोहोचेपर्यंत ओटा रिकामा झाला. जब्बार शेवटी राहिला. त्याने आपल्या खुर्च्या एकात एक घालून उचलल्या आणि निघाला.

पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका कंपनीने गावात पाय ठेवला. '३०० एमबीपीएस!' आता तिचं काम ललित बघत होता, अंगात नवा टी-शर्ट होता. बेचाळीसपैकी चाळीस घरांनी पवनगती सोडून तीनशे घेतलं. राहिले नाना आणि एक बंद घर. बेचाळीस घरांची तार आता नानांच्या एकट्याच्या वाट्याला आली, आणि एके सकाळी त्यांनी मोजलं तर तीस. दुपारी तीस. संध्याकाळी आठला एकोणतीस पूर्णांक आठ. फलकावर लिहिलं होतं तेवढंच. कुंदाबाई म्हणाल्या, "घ्या, झालं तुमच्या मनासारखं." झालं होतं खरं. पण हे दाखवायला ओट्यावर कोणी नव्हतं, आणि नाना बाजारात निघाले की लोक केळीच्या भावाबद्दल बोलू लागत.

एका रविवारी दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. सुनंदाबाई होत्या. पदर तोंडावरून ओढलेला होता.

"नाना, जरा येता का? मुलाचा फोन मध्येच अडकू राह्यला. एकदा मोजून द्या. पुढच्या दाराने नका येऊ."

नाना लॅपटॉप घेऊन मागच्या बोळातून गेले. तार जोडली, तीनदा मोजलं.

"नऊ," ते म्हणाले.

सुनंदाबाई पलंगाच्या कडेला बसल्या. "सहाचे नऊ म्हणजे वाढलेच की," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि मग घाईने, "कोणाला सांगू नका हं. जब्बारभाईलाही नको."

"जब्बारचं मी परवाच मोजलं," नाना म्हणाले. "तोही मागच्याच दाराने आला होता."

"किती निघाले त्याच्याकडे?"

"ते नाही सांगणार."

नानांनी तार गुंडाळली. सुनंदाबाईंनी त्यांना बसायला लावून चहा ठेवला, साखर जास्त घातली आणि कप देताना खाली बघत विचारलं, "पुढच्या रविवारी परत मोजाल का?"